दांडा राहिला धनजला

२ जाने.

डायरी कृषी केंद्राची, फुकटातली. आजच्या पानावर खाली छापलंय : हरभऱ्यावर घाटेअळी दिसताच फवारणी करावी. अळी दिसली नाही. हरभराच नाही आपल्याकडे.

सकाळी सोन्याचा फोन, हैदराबादहून. "कारंज्यात काय करून राह्यला बे अजून? इकडं ये. हॉटेलात जागा आहे, जेवन-राहनं त्याईचंच." म्हटलं, संक्रांत झाली की निघतो. मागच्या खेपेला म्हटलं होतं, दिवाळी झाली की. मी कारंज्याला उतरलो ते एका दोस्ताच्या लग्नाला. दोस्त बायको घेऊन पुण्याला गेलासुद्धा, मी मामाच्या घरी तसाच.

सध्या संस्थेची लोडिंगची तीनचाकी ॲपे चालवतो. संस्था म्हणजे एक खोली, एसटी स्टँडच्या मागे. आधी तिथे बियाण्याचं दुकान होतं, अजून वास येतो. आता आत दवाखान्याचे बेड, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. ज्याच्या घरी माणूस खाटेला लागला त्यानं फोन करायचा, आम्ही नेऊन देतो. काम झालं की परत आणतो. काम झालं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

हे सगळं चालवते वंदनाताई. (इथून पुढे व.ता., रोज एवढं कोण लिहील.) दुसरी एक बाई होती मदतीला, तिचं डिसेंबरात लग्न झालं. आता व.ता. आणि फोन. आणि मी, पण मी काही मोजण्यातला नाही, आज आहे उद्या नाही.

थंडी फार. म्हातारी माणसं या दिवसांतच पडतात. खोलीत एकही बेड शिल्लक नाही.


४ जाने.

धनजला गेलो, व.ता. सोबत. तिथल्या किसनरावांना दिलेला बेड नीट आहे का पाहायला. बेड जुना आहे पण चांगला. पायाच्या बाजूला दांडा बसवायचा आणि फिरवायचा, की डोक्याकडचा भाग वर येतो, माणूस टेकून बसतो. दांडा सुटा निघतो. नातवंडं फिरवत बसतात म्हणून शेवंताबाई, म्हणजे किसनरावांची बायको, तो काढून स्वतःजवळ ठेवते.

बुढी आमच्यादेखत दांडा लावून फिरवायला लागली. हळूहळू. किसनराव वर वर येत गेले, खिडकीतून रस्ता दिसायला लागला तशी थांबली.

"माही गाडी चालू केली बुढीनं," किसनराव म्हणाले. "आता पाहा, कोनाच्या घरी कोन चाललं समदं दिसते."

"एवढं दिसते तं मरत काहून नाई म्हनते मी," बुढी म्हणाली, आणि त्यांच्या तोंडाला चहा लावला.

दोघं हसले. व.ता. पण. मी पहिल्यांदा पाहिलं तिला हसताना, या वर्षात. म्हणजे चारच दिवस झाले वर्षाला, पण तरी.

बेडच्या पायाकडच्या पत्र्यावर लाल रंगात लिहिलंय : कै. गणपतराव यांच्या स्मरणार्थ. ज्यांनी बेड दिला त्यांच्या वडिलांचं नाव. झोपलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येतं. शेवंताबाईनं त्यावर टॉवेल वाळत घातला होता. टॉवेल कोरडाच होता.

येताना त्यांनी हरभऱ्याचे डहाळे दिले. गाडी चालवत खाल्ले. अळी निघाली एकात. पान बरोबर सांगत होतं, अळीच दोन दिवस उशिरा आली.


७ जाने.

आज खोलीत बसून होतो दिवसभर, ॲपे पंक्चर. व.ता.चा फोन ऐकत. एवढा फोन मी कॉल सेंटरमध्ये होतो तेव्हा पण वाजला नाही. (तिथे मी सव्वा महिनाच होतो.)

एक माणूस : "तुमी लोकाईले फुकट द्यासाठी बसले ना? मंग आमालेच काहून नाई?"

दुसरा : "कोन्या नगरसेवकाले सांगू ते सांगा."

तिसरी एक बाई नुसती रडली. व.ता. कानाला फोन धरून "हो माय, हो माय" करत राहिली. डबा उघडलेला, पोळीवर माशी. मी माशी हाकलत होतो.

मग रुबीना. ही रोज करते. तिचे वडील रहीमचाचा, टेलर, बाजारात त्यांचं दुकान होतं. आता आडवं झालं की दम कोंडतो. रजयांची थप्पी रचून त्यांना टेकवून बसवतात, चाचा हळूहळू घसरत खाली येतात. "आपा, अब्बा फिर सरक गए. कब मिलेगा?"

व.ता. म्हणाली, "बेटा, पहिला बेड आला की तुहाच."

फोन ठेवून डबा बंद केला. म्हटलं जेवा ना ताई. म्हणाली, "संध्याकाळी जेवीन घरी." घरी तिची पोरगी दहावीला, नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये. घरी गेली तरी हिचा फोन वाजतोच. नंबर खोलीच्या भिंतीवर रंगवलाय, हातभर मोठा.


९ जाने.

रिसोड. मोहोड सरांनी कार्यक्रम ठेवला. मो.सर म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, रिटायर हेडमास्तर, माणूस वाईट नाही. जिल्ह्यातल्या अशा सगळ्या छोट्या संस्थांची माणसं बोलावलेली. नवीन वर्ष, नवा उत्साह. जानेवारीत कार्यकर्ते खचतात म्हणून अकोल्याचे एक वक्ते आणले होते, हिंमत द्यायला.

वक्त्यांनी आम्हाला उभं केलं. टाळ्या वाजवायला लावल्या. मग शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, तू वाघ आहेस. माझ्या शेजारी गोशाळेचे एक आजोबा होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "स्वेटर कोठून घेतला?" लुधियानावाल्याकडून, म्हटलं.

शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून मनात म्हणायचं, मी थकत नाही, मी थकत नाही. म्हटलं. डोळे उघडले तर व.ता.चे मिटलेलेच. झोपली होती. तोंड किंचित उघडं. वक्त्यांनी तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, पाहा, याला म्हणतात एकाग्रता.

मी उठवलं नाही. मो.सरांना कळलं असावं. त्यांनी वक्त्यांना चहाला नेलं तिकडच्या तिकडे.

रिसोडच्या बाजारात भटकलो मग. एक जण मोबाईलचं कव्हर आणि मेथीची जुडी एकाच हातगाडीवर विकत होता. त्याच्याशी बोलत राहिलो, एसटी चुकली. व.ता.ची पण चुकली, माझ्यामुळे.  जीपमध्ये कोंबून आलो.


११ जाने.

सकाळी धनजहून निरोप. किसनराव गेले.

गेलो लगेच. व.ता. बायांमध्ये जाऊन बसली, मी बाहेर माणसांत. बेड ओसरीत काढून ठेवलेला, रिकामा, टॉवेल अजून नावावर. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. मी पाहत होतो. खोटं काय लिहू, मला रहीमचाचा दिसत होते.

येताना विचारलं, कधी आणायचा?

"तेरवी होऊ दे."

"एवढे दिवस? ताई, तिकडं चाचा..."

"मले माहीत आहे."

"मंग मागू ना. नाई म्हननार नाईत ते."

"नाई म्हननार नाईत. देतीन." खिडकीबाहेर पाहत बोलली. "मागितलं की देतातच लोक, पंकज. पन मंग गावात बोलतात, बुढ्याची राख थंडी नाई झाली अन् बेडवाले आले. मंग त्या गावातला दुसरा कोनी बिमार पडला तं आपल्याले फोन नाई करत. जमिनीवर ठेवतात मानूस." थोडं थांबून, "आमच्यात नाई धरत सुतक. पन त्याईच्यात धरतात, तं आपन धराव. तिथी जाचं, बसाचं. मागाचं नाई. त्याईलेच कोनाले तरी आठोते. मंग ते म्हनतात, ताई घेऊन जा."

"अन् नाई आठोलं तं?"

"मंग पुन्हा जाऊन बसाचं."

हिची हीच पद्धत आहे. बेड देताना धावत जायचं, आणताना बसून राहायचं. मला पटलं नाही. थंडी थांबते का तेरवीपर्यंत.


१३ जाने.

आज मी शहाणपणा केला.

व.ता. मीटिंगला वाशीमला. सकाळी रुबीनाचा फोन मी उचलला, व.ता.नं माझ्याकडे देऊन ठेवला होता. रुबीना काही बोललीच नाही. मागे चाचांचा श्वास ऐकू येत होता, करवत चालल्यासारखा. फोन ठेवला आणि ॲपे काढली, सरळ धनज.

माणसं राख सावडायला गेलेली. घरी बायाच. सुनेला म्हटलं, वहिनी, बेड घेऊन जायचा होता, एक पेशंट सिरीयस आहे. ती म्हणाली, "हे घरी नाईत." मग म्हणाली, "न्या." शेजारच्या एकानं हात लावला. शेवंताबाई आत भिंतीला टेकून होती. मला पाहिलं तिनं. मी मान खाली घालून टॉवेल काढला, घडी करून उंबऱ्यावर ठेवला. फार नीट घडी केली. त्याचा काय उपयोग.

कारंज्यात आलो तर रुबीना दारात. बेड लावला. चाचांना उचलून ठेवलं. म्हटलं, आता पाहा जादू. आणि दांडा शोधायला खाली वाकलो.

दांडा नव्हता. गाडीत नव्हता. दांडा धनजला, शेवंताबाईजवळ.

बेड सपाट. चाचा त्याच्यावर आडवे झाले आणि


१४ जाने.

काल लिहायचं राहिलं. चाचांना आम्ही परत बसतं केलं, रजया बेडवर ठेवून. म्हणजे होतं तेच, फक्त उंचावर. आता घसरले तर पडायची भीती.

आज संक्रांत. सकाळी खोलीत व.ता.ला सांगितलंच नव्हतं अजून, तेवढ्यात गजानन आला. किसनरावांचा मुलगा. डोकं भादरलेलं, उन्हात चमकत होतं. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"ताई, तुमी दोन डाव आमच्या घरी येऊन बसल्या. बाबा होते तवाबी बसत होत्या. मी म्हनत होतो, आपलीच बाई आहे." आवाज चढवला नाही त्यानं. "बेडची वाट पाहत बसल्या होत्या का?"

व.ता.नं माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, भाऊ, त्यांना माहीत नव्हतं, मीच...

"तू गप," तो म्हणाला. "गाडी त्याईचीच ना?" आणि गेला. दांड्याचं विचारायचं धाडस कोणाला होणार.

व.ता. बसून राहिली. मी म्हटलं, ताई शिव्या घाला मला. नाही घातल्या. भिंतीवरच्या खिळ्याला खोलीची चावी लावली, फोन टेबलावर ठेवला. "मो.सराईले सांगजो, मी आता नाई येत. पोरीची दहावी आहे." चप्पल घातली. दारातून परत आली, डब्यातले तिळाचे लाडू टेबलावर ठेवले आणि गेली.

लाडू खाल्ले नाहीत. मग खाल्ले.


१६ जाने.

फोन माझ्याकडे. दोन दिवसांत कळलं.

हा फोन कानाला लावला की जो बोलतो त्याच्या घरचं सगळं आपल्या कानात येतं. खोकला, भांडी, टीव्ही, "विचार ना वं, विचार." आणि आपल्याजवळ द्यायला काही नाही. एका बाईला मी सांगितलं की बेड नाहीत, तर ती म्हणाली, "बरं बापू, तुह्याशी बोलली तं बरं वाटलं." याच्यापेक्षा तिनं शिवी दिली असती तर चाललं असतं.

वर्कशॉपमध्ये गेलो, दांडा बनवून मिळतो का पाहायला. व.ता.च्या नवऱ्यानंच एक लोखंडी सळई वाकवून दिली. बसली नाही, तोंड चौकोनी लागतं, आतून खाचेचं. म्हणाला, "मूळचाच पाह्यजे." मग विचारलं, ताई कशा आहेत? म्हणाला, "घर झाडून राह्यली. एकच घर, सकाळपासून."

मो.सरांनी ग्रुपवर उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. खाली लिहिलेलं, संकटं ही पायरी असते. पाच जणांनी हात जोडले. व.ता.नं काही नाही.

रात्री चाचा पडू नयेत म्हणून बेडला दोरी बांधली, साडीची. रुबीना म्हणाली, "भैया, आप रोज मत आइए, बदनामी होती है." हसत म्हणाली. पण तरी उद्या मामीला घेऊन जाईन.

सोन्याला फोन केला नाही. त्यानंही.


१९ जाने.

व.ता.च्या घरी गेलो. पोरगी बीजगणित करत होती, मला पाहून म्हणाली, "हे जमते का?" मी दहावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही. म्हटलं, इतिहास असता तर.

व.ता. तूर निवडत होती. मी ठरवून आलो होतो काय बोलायचं. की ताई तुमच्यामुळे किती लोकांचं, आणि तुम्ही खचायचं नाही, आणि तुमच्यासारखी माणसं...

"पंकज," तिनं मधेच थांबवलं. "त्या अकोलेवाल्यासारखं बोलू नोको."

मी खाली बसलो.

"मले हिंमत देऊन राह्यले समदे. सर देतात, ग्रुपवाले देतात, आता तू आला. हिंमत आहे रे माह्यापाशी. फोन उचलाले दुसरा मानूस नाई."

"मी उचलतो ना आता."

"किती दिवस? संक्रांत झाली. तू जाशील हैदराबादले."

 सुपातली तूर घेऊन खडे काढायला लागलो. खडा कुठला, मी चांगलीच तूर काढून टाकत होतो. तिनं सूप ओढून घेतलं.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "चाचा कसे आहेत?"

सांगितलं. रजया, दोरी, सळई, सगळं. दांड्याचं ऐकून तिचा हात थांबला.

"शेवंताबाईपाशीच असन," म्हणाली. "उशाखाली ठेवत होती ती. बुढ्यानं आवाज दिला की लगेच सापडाव म्हनून."

मग सूप बाजूला ठेवलं. "उद्या सकाळी ॲपे घेऊन येजो. कामावर नाई येऊन राह्यली मी. बसाले जाऊन राह्यली."


२० जाने.

धनज. मी गेटबाहेर ॲपेत बसणार होतो. व.ता. म्हणाली, नाई, तू बी चल.

गजानन ओसरीवर. पाहिलं, तोंड फिरवलं. सतरंजी मात्र पुढे सरकवली.

आत शेवंताबाई. जिथे बेड होता तिथेच खाली बसलेली. आणि दांडा तिच्या मांडीवर. पदराखाली, पण टोक दिसत होतं. व.ता. तिच्याजवळ जाऊन बसली. मी दाराशी.

 सून येऊन पाणी ठेवून गेली. एक शेळी आत डोकावली, मी तिच्याकडे पाहत बसलो, ती माझ्याकडे. मला वाटलं आता व.ता. बोलेल. आता बोलेल. तिकडे चाचा दोरीनं बांधलेले आणि ही गुडघे पोटाशी घेऊन नुसती बसलेली. 

बऱ्याच वेळानं शेवंताबाईच बोलली. "सवय गेली नाई माही. फिरवल्यावानी करते हात. झोपीतबी."

व.ता.नं तिचा हात धरला. तेवढंच.

मी म्हटलं, "आजी, चूक माझी. यायला नको होतं मी त्या दिवशी." म्हणायचं नव्हतं मला, निघून गेलं तोंडातून.

बुढीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "टावेलची घडी चांगली केली होती तुनं," म्हणाली. टोमणा होता की काय होतं, अजून कळलेलं नाही.

मग व.ता.ला, "कोनाच्या घरी गेला आमचा बेड?"

"कारंज्यात. टेलर आहेत एक. रहीमचाचा. आडवं होता येत नाई त्याईले."

"हं," बुढी म्हणाली. दांडा पदराखाली आणखी आत ओढला.

आणि आम्ही उठून आलो. दांडा न मागता.  कारंज्याच्या अलीकडे गाडी थांबवून म्हटलं, ताई, मागायचा होता, समोर होता, हात लांब केला असता तर...

"तुले बुढ्याचा बेड पाह्यजे होता," ती म्हणाली. "तो तू आनला. हा दांडा बेडचा नाई रे राह्यला आता."

घरापाशी उतरली. चावी नाही मागितली. मी पण दिली नाही.


२२ जाने.

मो.सर स्वतः खोलीत आले. मफलर, टोपी, दोन मोजे एकावर एक. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दे तो फोन." पहिल्याच फोनवर त्यांना कोणीतरी काहीतरी बोललं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुपारपर्यंत उचलत राहिले. जाताना म्हणाले, "हे बाई एकट्या करत होत्या?"

म्हटलं हो.

"आणि मी त्यांच्यासाठी भाषण ठेवलं." टोपी नीट केली. "मी मंगळवार-गुरुवार येत जाईन. ग्रुपवर टाकू नकोस."

चाचा आज जेवले नाहीत.


२४ जाने.

काय लिहू, कुठून लिहू.

काल धनजची तेरवी झाली. मी गेलो नाही, व.ता. गेली, नवऱ्याच्या गाडीवर, जेवून आली. आज सकाळी मी स्टँडवर चहा पीत होतो. (एक जण उसाच्या गुऱ्हाळावर कर्नाटकात कसं काम मिळतं ते सांगत होता, मी ऐकत होतो.) धनजकडून जीप आली. गजानन उतरला, आणि मागून त्याचा हात धरून शेवंताबाई.

"आयकत नाई," गजानन मला म्हणाला. "महिना नाई झाला, लोक काय म्हनतीन, म्हटलं. म्हने, लोकाईले आडवं झालं की दम लागते का?"

बुढीच्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून दांड्याचं टोक बाहेर. मी घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही. "घर दाखव," म्हणाली.

व.ता.ला फोन केला. ती आली, ओल्या हातानंच.

रुबीनानं दार उघडलं. चाचा दोरीत, मान एका बाजूला. शेवंताबाई उंबऱ्यात थांबली क्षणभर. बेड पाहिला. मग आत जाऊन पायाशी वाकली, दांडा बसवला. कुठे बसतो ते पाहिलंसुद्धा नाही.

"रजया काढा," म्हणाली. "दोरी सोडा."

आणि फिरवायला लागली. हळू. बेड करकरला. चाचांचं डोकं थोडं वर आलं, ती थांबली.

रुबीना म्हणाली, "और ऊपर, अम्मा."

"थांब मायं. आंदी दम घेऊ दे त्याईले. एकदम वर नेलं की चक्कर येते." मग परत. मग परत थांबली. चाचा वर वर येत गेले. करवत हळू झाली. डोळे उघडले त्यांनी. सगळ्यांत आधी समोरचा पत्रा दिसला असेल, लाल अक्षरांचा. टॉवेल नव्हता ना आता.

"गणपतराव," चाचांनी वाचलं. मग बोटं कपाळाला लावली. "सलाम भाई. इतने दिन से सामने हो, आज दिखे."

शेवंताबाई हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. म्हणाली, "आमच्या बुढ्याले भेव वाटत होतं त्या नावाचं. मी झाकून ठेवत होती."

मग रुबीनाला जवळ बोलावलं, तिचा हात दांड्यावर ठेवला, वर आपला ठेवला. दोघींनी मिळून खाली केलं, वर केलं. नंतर तिनं आपला हात काढून घेतला. रुबीना एकटी फिरवत राहिली. बुढी पाहत होती तिच्या हाताकडे.

चहा झाला. गजाननही प्यायला. आम्ही निघालो तेव्हा शेवंताबाई अंगणात व.ता.पाशी थांबली. मी ॲपेला किक मारणार होतो, नाही मारली.

"तू लय घरी जाऊन बसत असशील वं," बुढी म्हणाली.

व.ता. म्हणाली, "काम आहे माय."

"हं. अन् तुह्याजवळ कोन बसते?"

व.ता. मागे वळली. ॲपेच्या मागच्या पाटीवर बसली, जिथे बेड ठेवतो तिथे. डोळ्याला पदर नाही, काही नाही. नुसती बसली. शेवंताबाई तिच्याशेजारी बसली. गजानन घड्याळ पाहत होता, जीप सुटेल म्हणून. मग त्यानंही पाहायचं सोडलं.


२७ जाने.

मामीनं विचारलं, जाऊन राह्यला का राहून राह्यला, तसं पीठ भिजवते. म्हटलं आजचं भिजव.

सोन्याचा मेसेज : जागा भरली, दुसरी पाहतो. बघ म्हटलं.

फोनवर आज धनजचा एक माणूस. वडिलांना पॅरालिसिस. "गजाननभाऊनं नंबर देल्ला." बेड नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "असन तवा द्या. तुमी लोक चांगले हा म्हने."


२९ जाने.

एक बेड परत आला, कारंज्यातलाच. आम्ही गेलो नव्हतो, त्यांनीच आणून टाकला, धुऊन पुसून. खोलीत ठेवला. उद्या धनजला न्यायचा.

आज गुरुवार, सर फोनवर होते. "नाही माउली, हो माउली" चाललं होतं त्यांचं. हेडमास्तराचा आवाज जात चाललाय.

अकराच्या सुमारास व.ता. आली. पोरीच्या वह्या झेरॉक्स करायला स्टँडकडे आली होती, म्हणाली. आत आली. त्या परत आलेल्या बेडवर बसली, पाय खाली सोडून. चावी खिळ्याला तशीच. तिनं तिकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

सर माझ्याकडे पाहायला लागले, भुवया वर करून, विचार ना. मी मान हलवली.

स्टोव्हवर चहा ठेवला. तीन कप. फोन वाजला, सरांनी उचलला. बाहेर कोणीतरी म्हशी धुवायला नेत होतं आणि त्यातली एक आमच्या दारात अडून उभी राहिली, तिच्यात माझा थोडा वेळ गेला.

परत पाहिलं तर व.ता. बसलेली. झेरॉक्स मांडीवर. बेडच्या दांड्यावर हात.

चहा दिला. मी समोर जमिनीवर बसलो, माझा कप घेऊन.

विचारलं नाही.